सेनिओकाठचा शिपाई

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात निमज नावाचे गाव आहे. तेथे १८ नोव्हेंबर १९२१ रोजी नामदेव जाधव यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत साधे शिपाई होते. देश पारतंत्र्यात होता व सैन्य इंग्रजांच्या हुकमतीखाली लढत होते. त्या सैन्याबरोबर हा तरुण समुद्रापलीकडे इटलीत पोहोचला.

नामदेवांकडे कंपनीच्या निरोप्याचे काम होते. हुकूम पुढे पोचवायचा, खबर मागे आणायची. काम दिसावयास किरकोळ. परंतु गोळ्यांच्या वर्षावातही निरोप्याला एका जागी दडून राहता येत नाही.

९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ. सॅन पोलिटोच्या उत्तरेस सेनिओ नदी ओलांडावयाची होती. नदी जेमतेम १५ फूट रुंद आणि ४-५ फूट खोल, आपल्याकडील एखाद्या ओढ्याएवढी! पण तिच्या दोन्ही काठांवरील पुराचे बांध ३० ते ३५ फूट उंच आणि कड्यासारखे उभे. जर्मनांनी ते पोखरून त्यांत मोर्चे बांधले होते व पूर्वेच्या बांधावर, पाण्याच्या बाजूस, सुरुंग पेरले होते. नामदेव आपल्या कमांडरबरोबर पाण्यातून पश्चिमेच्या काठावर पाय ठेवतात न ठेवतात तोच पाठीमागून, पूर्वेच्याच बांधातून, मशीनगन धडधडू लागल्या. कमांडर व दोन जवान जखमी झाले. बाकीचे ठार झाले. धडधाकट उरले एकटे नामदेव.

त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलले आणि खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, तो उभा बांध चढून सुरक्षित जागी नेले. मग ते दुसऱ्यासाठी परत आले व त्यालाही त्याच वाटेने घेऊन गेले. येथे थांबले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण ते तिसऱ्यांदा त्या बांधावर गेले. टॉमीगनने त्यांनी जवळचा मोर्चा बंद पाडला. इतक्यात हाताला गोळी लागली आणि बंदूक चालविणे अशक्य झाले. तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबॉम्ब घेतले. ते संपताच सरपटत माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी आणले आणि उरलेले दोन मोर्चेही उद्ध्वस्त केले. मग तोफगोळे पडत असता बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, त्यांनी मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलाविले.

या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांनीही इटलीतच हा मान मिळविला होता. परंतु १० जुलै १९४४ रोजी लढता लढताच ते धारातीर्थी पडले. नामदेव जगले. २ मे १९४५ रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली.

पुढे देश स्वतंत्र झाल्यावर ते भारतीय सैन्यात हवालदार झाले. शिपायाहून ही अवघी तीन पायऱ्यांची बढती. २ ऑगस्ट १९८४ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.