हिशेब मांडणारी विदुषी : एलेन रिचर्ड्स

(तृतीय वर्ष कला)

गृहअर्थशास्त्र हा विषय घेतला आहे असे सांगितले की समोरचा माणूस किंचित हसतो. हे हसू आमच्या वर्गातील प्रत्येकीच्या ओळखीचे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोणी तलवार चालवून दाखव म्हणत नाही. आम्हांला मात्र पोळी गोल लाटता येते का, हे हमखास विचारले जाते. अशा वेळी काय उत्तर द्यावे हे मला फार दिवस सुचत नव्हते. ते उत्तर यंदा मला एका अगदी अनपेक्षित जागी सापडले. ती जागा म्हणजे आमच्या उपाहारगृहामागची कचराकुंडी.

नॅकच्या मूल्यांकनाच्या निमित्ताने यंदा महाविद्यालयाने हरित लेखापरीक्षण हाती घेतले. वीज, इंधन, पाणी आणि कचरा यांचा हिशेब मांडायचा आणि त्यावरून आपले महाविद्यालय वर्षाकाठी किती कार्बन हवेत सोडते ते काढायचे, असे कामाचे स्वरूप होते. वाटणी झाली तेव्हा विजेची बिले अर्थशास्त्राच्या मुलांकडे गेली, येण्याजाण्याच्या साधनांची पाहणी भूगोलाकडे गेली आणि कचरा आमच्या पदरात पडला. घरकामाचा विषय तुमचाच, असे त्यावर समर्थनही मिळाले! आठ दिवस आम्ही ताणकाटा टांगून, नाकाला ओढणी बांधून, उष्टे अन्न, चहाचे कागदी पेले आणि वेफर्सच्या पिशव्या वेगवेगळ्या तोलत होतो. जिन्यावरून जाणाऱ्यांच्या मुद्रेवर तेच ओळखीचे हसू होते. खरे सांगायचे तर तिसऱ्या दिवशी मी हे काम सोडून देण्याच्या विचारात होते.

त्याच संध्याकाळी पाठ्यपुस्तक चाळताना पहिल्या प्रकरणातील एका नावापाशी मी थांबले. आमच्या विषयाच्या संस्थापिका म्हणून एलेन रिचर्ड्स हे नाव आम्ही दोन गुणांच्या टीपेसाठी पाठ केले होते. त्यापलीकडे ही बाई कोण होती, हे विचारण्याची बुद्धी झाली नव्हती. मग जे मिळाले ते वाचत गेले, आणि चौथ्या दिवशी सकाळी मी सर्वांच्या आधी ताणकाट्याशी हजर होते. असे काय वाचले, तेच येथे सांगावयाचे आहे.

एलेन हेन्रिएटा स्वॅलो हिचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, डन्स्टेबल या खेड्यात झाला. आईवडील दोघेही शिक्षक, आणि ही त्यांची एकुलती एक मुलगी. प्राथमिक धडे तिने घरीच गिरवले. पुढे वडिलांनी वेस्टफर्ड या गावी दुकान थाटले. तेथे शाळा सांभाळून एलेन गल्ल्यावर बसे, माल तोलून देई आणि खातेवही लिही. तोलणे आणि लिहून ठेवणे, या दोन सवयी तिच्या हाताला अशा लहानपणीच लागल्या. त्या तिने जन्मभर सोडल्या नाहीत.

त्या काळी मुलींना उच्च शिक्षणाची दारे जवळजवळ बंद होती. एलेनने शिकवण्या केल्या, स्वयंपाक केला, झाडलोट केली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि तीनशे डॉलर गाठीला बांधले. १८६८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिने मुलींसाठी नव्यानेच सुरू झालेल्या व्हॅसर महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे खगोलशास्त्र शिकवायला मारिया मिचेल यांच्यासारखी थोर विदुषी होती. पण एलेनचे मन रसायनशास्त्राकडे ओढले. ताऱ्यांपेक्षा तिला चुलीवरचे पातेले आणि विहिरीतले पाणी अधिक जवळचे वाटले असावे. १८७० मध्ये ती पदवीधर झाली.

रसायनतज्ज्ञांकडे उमेदवारी करावी म्हणून तिने पत्रे लिहिली, आणि त्यातूनच तिला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे, म्हणजे आज जगप्रसिद्ध असलेल्या एम.आय.टी.चे, नाव सुचविण्यात आले. तेथे तोवर एकही स्त्री शिकली नव्हती. डिसेंबर १८७० मध्ये तिला खास विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला, तोही विनाशुल्क. आपल्या गरिबीची दखल घेऊन ही सवलत दिली असावी, असे बिचारीला वाटले. खरे कारण तिला पुढे कळले. कोणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनीच नाही, असे सांगता यावे म्हणून तिच्याकडून शुल्क घेतले गेले नव्हते. म्हणजे ती वर्गात होती, पण पटावर नव्हती!

हा अपमान आधी कळला असता तर आपण तेथे गेलोच नसतो, असे तिने नंतर बोलून दाखविले. पण तोवर तिने आपली जागा स्वतःच तयार केली होती. ती प्रयोगशाळा झाडून लख्ख ठेवी, प्राध्यापकांच्या कागदांचे गठ्ठे लावून देई, कुणाचे उसवलेले शिवून देई. या कामांची तिला लाज नव्हती. तिच्या हातातला झाडू पाहून विरोधकांचा विरोध बोथट झाला आणि त्याच हाताने ती परीक्षानळीही धरू लागली. १८७१ मध्ये वडील रेल्वेच्या अपघातात गेले. एकट्या पडलेल्या आईची काळजी घेत तिने शिक्षण चालू ठेवले आणि १८७३ साली एम.आय.टी.ची पहिली स्त्री पदवीधर होण्याचा मान मिळविला. डॉक्टरेटसाठी मात्र तिला संस्थेने दार उघडले नाही.

१८७५ मध्ये त्याच संस्थेतील खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी तिचा विवाह झाला. लग्नानंतरचा प्रवास नोव्हा स्कोशियाच्या खाणींकडे झाला आणि बरोबर पतीच्या विद्यार्थ्यांचा अख्खा वर्ग होता! पुढच्याच वर्षी तिच्या खटपटीने संस्थेत स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. तेथे ती वेतन न घेता शिकवी आणि वर पदरचे पैसेही घाली. १८८३ पर्यंत मुलींना नियमित प्रवेश मिळू लागला आणि वेगळ्या प्रयोगशाळेची गरज उरली नाही. १८८४ साली आरोग्य-रसायनाच्या नव्या प्रयोगशाळेत तिची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेव्हापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, ती या पदावर होती.

तिचे सर्वांत मोठे काम या प्रयोगशाळेत झाले. १८८७ मध्ये राज्याच्या आरोग्य मंडळाने साऱ्या मॅसॅच्युसेट्समधील पाण्याची तपासणी आरंभिली. प्रमुख होते प्राध्यापक थॉमस ड्राऊन. प्रयोगशाळेचा भार एलेनवर होता. राज्याच्या कानाकोपऱ्यातून बाटल्या येत. प्रत्येक बाटलीवर गावाचे नाव आणि दिवस, प्रत्येक नमुन्याची तीच तपासणी, प्रत्येक आकड्याची नोंद. हजारो नमुन्यांचे हे काम दोन वर्षे चालले.

येथे एक अडचण होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मलमूत्राने दूषित झालेल्या पाण्यात क्लोरीनचा अंश वाढतो, कारण माणसाच्या शरीरातून मीठ बाहेर पडते. पण समुद्रावरून येणारे वारेही मीठ आणतात. मग एखाद्या विहिरीत सापडलेला क्लोरीनचा अंश समुद्राचा किती आणि माणसाचा किती, हे ओळखावे कसे? या पाहणीत स्वच्छ, निर्जन जागांतील पाण्याचे आकडे नकाशावर मांडण्यात आले. किनाऱ्याजवळ अंश अधिक आणि आत जावे तसतसा कमी, असे स्पष्ट दिसू लागले. समान आकड्यांच्या जागा रेषांनी जोडल्या, आणि कोणत्या गावी निसर्गतः किती अंश असावा याचा नकाशाच तयार झाला. त्याहून जे अधिक, ते माणसाचे कर्तृत्व!  पाण्याच्या शुद्धतेची मोजमापे ठरविण्याच्या कामाला येथून भक्कम पाया मिळाला.

आज विद्यापीठे आपल्या कार्बनचा अहवाल काढतात, तेव्हा आधी एक आधारवर्ष ठरवितात आणि पुढची प्रत्येक घट किंवा वाढ त्याच्याशी ताडून पाहतात. आमच्या लेखापरीक्षणातही हा शब्द होता आणि तो मला कोरडा वाटला होता. एलेनचा नकाशा वाचल्यावर तो एकदम जिवंत झाला. पाया ठरविल्यावाचून अधिक आणि उणे या शब्दांना अर्थच नसतो.

हवेच्या बाबतीतही तिचा हाच बाणा होता. कोंदट खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वायू साचतो. हवा किती बिघडली हे त्याच्या प्रमाणावरून ओळखण्याची रीत जर्मन शास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ च्या सुमारास रूढ केली होती. एलेन आपल्या विद्यार्थ्यांना खोल्यांची हवा, पाणी आणि अन्न या तिन्हींची परीक्षा शिकवी. १९०० साली याच विषयावर तिचे सहलेखकासह लिहिलेले पुस्तक निघाले. त्या काळी बाहेरच्या मोकळ्या हवेत या वायूचे प्रमाण दहा हजार भागांत सुमारे तीन भाग होते. आज ते चार भागांच्या वर गेले आहे. तिच्या काळी प्रश्न बंद खोलीचा होता. आज साऱ्या पृथ्वीचीच खोली झाली आहे, आणि खिडकी उघडायला बाहेर जागा नाही.

ती स्वतःच्या घरालाही प्रयोगशाळाच मानी. जमेका प्लेन येथील घरात तिने हवा खेळती राहील अशी व्यवस्था केली, कोळशाच्या चुलीच्या जागी गॅस आणला, धूळ धरून ठेवणारे गालिचे काढून टाकले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात तिने रम्फर्ड किचन चालविले. तेथे ताटाबरोबर त्यातील पोषणद्रव्यांचे आकडेही छापून दिले जात. मोजलेले कपाटात ठेवायचे नसते, ज्याच्याशी त्याचा संबंध आहे त्याच्या हाती द्यायचे असते, हे तिने असे कृतीने दाखविले.

तिचे सारेच यशस्वी झाले असे नाही. बोस्टनमध्ये १८९० साली गरिबांसाठी तिने न्यू इंग्लंड किचन काढले. अन्न पौष्टिक होते, स्वस्त होते, नीट तोललेले होते. पण परदेशांतून आलेल्या मजुरांना ते रुचले नाही. प्रत्येकाला आपल्या मुलखाची चव हवी होती. ताटातली प्रथिने तिने मोजली, जिभेची ओढ तिच्या तराजूत बसली नाही. मोजणाऱ्याने आपल्या तराजूची मर्यादाही ओळखावी, हा धडा मला तिच्या या अपयशातून मिळाला.

१८९९ पासून लेक प्लॅसिड येथे तिच्या पुढाकाराने परिषदा भरू लागल्या. घर चालविण्याच्या शास्त्राला त्यांतून नाव आणि अभ्यासक्रम मिळाला. १९०८ साली अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन स्थापन झाली आणि एलेन तिची पहिली अध्यक्षा झाली. हाच प्रवाह पुढे आपल्या देशातही पोहोचला. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ चे. आमच्या वर्गाच्या दारावरील पाटीचे मूळ असे दूरवर गेलेले आहे. १९१० मध्ये स्मिथ महाविद्यालयाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. ३० मार्च १९११ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तिचे निधन झाले.

आता पुन्हा आमच्या कुंडीकडे. आठ दिवसांची वजने घेऊन आम्ही इतर गटांबरोबर बसलो. हिशेब तसा सोपा आहे. आपल्याकडील १ युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो, १ लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो, १ लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. उष्टे अन्न कचऱ्याच्या ढिगात हवेवाचून कुजले की मिथेन होतो, आणि वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या काळात तो सुमारे २८ पट अधिक उष्णता धरतो. म्हणून ज्या कुंडीला सारे हसत होते, तीही या हिशेबात मानाने बसली.

वाद झाला तो वेगळ्याच रकान्यावरून. संस्थेने स्वतः जाळलेले इंधन ही पहिली कक्षा, विकत घेतलेली वीज ही दुसरी, आणि येणेजाणे, कचरा वगैरे बाकीचे सारे तिसऱ्या कक्षेत, अशी जगभर रूढ पद्धत आहे. भूगोलाच्या मुलांनी दुचाक्या मोजून आणल्या तेव्हा ही तिसरी कक्षा फुगलेली दिसू लागली. ती अहवालातून गाळावी, म्हणजे महाविद्यालयाचा आकडा शोभून दिसेल, अशी सूचना आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आपले घर चांगले दिसावे असे कोणाला वाटत नाही? क्षणभर मलाही ती पटली, कारण त्या दुचाक्यांत एक माझीही होती.

पण मला पटावर नसलेली ती विद्यार्थिनी आठवली. जे पटावर नाही ते नाहीच, असे म्हणण्याची सोय संस्थांना नेहमीच हवी असते. मी उठून एलेनची हकीगत सांगितली. भाषण करण्याची मला सवय नाही. आवाज कापत होता. शेवटी तिसरी कक्षा अहवालात राहिली. आकडा शोभून दिसत नाही, पण तो आमचा आहे. त्याची एक प्रत आता सूचनाफलकावर लावली आहे.

पुढील वर्षी आम्ही येथे नसू. ताणकाटा मात्र गृहअर्थशास्त्र विभागाच्या कपाटात ठेवला आहे, आणि त्याच्याशेजारी आठ दिवसांच्या नोंदींची वहीही. येणाऱ्या भगिनींनी आणि बंधूंनी त्याच दिवसांत, त्याच कुंडीचे, तसेच वजन करावे, एवढीच विनंती. पोळी गोल लाटता येते का, असे कोणी विचारलेच, तर येते म्हणून सांगावे, आणि विचारणाऱ्याच्या हाती ती वही द्यावी.