रतनपूरचे बिंबाजी भोसले

भिलाईचे नाव आज पोलादाच्या कारखान्याशी निगडित झाले आहे. परंतु भिलाईला लागूनच असलेल्या दुर्ग नगराचा मराठ्यांशी संबंध त्या कारखान्याहून दोन शतके जुना आहे. इ. स. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांच्या सैन्याने बंगालच्या मार्गावर छत्तीसगड पादाक्रांत केले, त्या वेळी दुर्ग येथील उंचवट्यावर मराठ्यांची छावणी होती. ईशान्येकडील रतनपूर ही हैहयवंशी कलचुरींची राजधानी. तेथील वृद्ध राजे रघुनाथसिंह पुत्रशोकाने खचले होते. रतनपूर फारशा प्रतिकाराविना पडले आणि सुमारे सात शतकांच्या राजवंशाचे स्वातंत्र्य संपले.

या प्रदेशात प्रत्यक्ष मराठा राज्य स्थापण्याचे श्रेय मात्र बिंबाजी भोसले यांचे. नागपूरचे सेनासाहेब सुभा पहिले रघुजी यांचे ते पुत्र. १७५५ मध्ये रघुजी निवर्तले आणि जानोजी व मुधोजी या बंधूंत वारशाचा कलह माजला. पुढे झालेल्या वाटणीत छत्तीसगड बिंबाजींकडे आले. भोसल्यांनी गादीवर बसविलेले मोहनसिंह यांच्या मृत्यूनंतर, १७५८ मध्ये, त्यांनी रतनपूरचा कारभार हाती घेतला. नागपूरचे वर्चस्व त्यांना नाममात्र मान्य होते. दरबार, मंत्री व सैन्य त्यांचे स्वतःचे होते. रतनपूर व रायपूर हे विभाग त्यांनी एका सत्तेखाली आणले. राजनांदगाव व खुज्जी या जमीनदाऱ्या निर्माण केल्या. दरबारी लेखनात मोडी आली, विजयादशमीला सोने वाटण्याची प्रथा रुजली. या घडामोडींची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. रायपूर शाखेच्या कलचुरी वंशजाला अखेर बडगावसह पाच गावांवर समाधान मानावे लागले.

बिंबाजींचे वेगळेपण त्यांच्या वास्तव्यात आहे. जिंकलेल्या मुलखाचा वसूल त्यांनी दुरून गोळा केला नाही. जवळजवळ तीस वर्षे ते रतनपुरातच राहिले. नागपूरजवळच्या रामटेकाचे स्मरण ठेवून त्यांनी तेथील टेकडीवर राममंदिर उभारले. ती टेकडी रामटेकरी म्हणून ओळखली जाते.

१७८७ मध्ये त्यांचे निधन झाले. उमाबाई सती गेल्या. आनंदीबाईंनी काही काळ सत्तेवर पकड ठेवली. त्यानंतर प्रदेश मुधोजींचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे गेला. पण ते बहुधा नागपुरासच राहिले आणि छत्तीसगड सुभेदारांच्या हाती आले. राजा निवासी नसला म्हणजे राज्याचा महसुली सुभा कसा होतो, हे पुढील तीन दशकांत दिसून आले. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षकाने कारभार घेतला आणि मुख्य ठाणे रायपूरला गेले. रतनपूर मागे पडले.

रामटेकरीच्या मंदिरात बिंबाजींची प्रतिमा आहे. विजेत्याचे स्मारक बहुधा रणभूमीवर किंवा किल्ल्याच्या दारी उभे राहते. बिंबाजींचे स्मारक त्यांनीच बांधलेल्या देवालयात आहे. कलचुरींच्या राजधानीत परका म्हणून आलेला हा भोसला अखेर रतनपूरकर झाला, याची ती साक्ष होय.