पंडिता रमाबाईंचा बहिरेपणा

विद्वान माणसाला मराठीत बहुश्रुत म्हणण्याची रीत आहे. ज्याने पुष्कळ ऐकले तो बहुश्रुत. वेदांनाही आपण श्रुती म्हणतो. ज्ञान कानांच्या वाटेनेच येते, ही समजूत आपल्या भाषेत इतकी खोलवर मुरलेली आहे की, ज्याचे कान निकामी झाले त्याची बुद्धीही निकामी झाली असावी, असे आपण नकळत धरून चालतो. या समजुतीला उत्तर म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातील एक थोर चरित्र आपल्यासमोर आहे. परंतु त्या चरित्राची ही बाजू फारशी कोणी सांगत नाही. ते चरित्र पंडिता रमाबाईंचे. केडगाव येथे ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले, त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. त्यांचे पांडित्य, धर्मांतर आणि विधवांसाठीचे कार्य यांवर भरपूर लिहिले गेले. पण त्यांच्या आयुष्याला ऐन पंचविशीत निराळे वळण लावण्यास त्यांचा वाढता बहिरेपणा कारणीभूत झाला, हे शाळा-महाविद्यालयांतील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविण्याचे, त्या काळी अक्षम्य मानले गेलेले धाडस केले होते. हीच आई लक्ष्मीबाई रमाबाईंची पहिली गुरू. पुस्तक हाती देऊन शिकविण्याची ती पद्धत नव्हती. आईने म्हणावे, मुलीने ऐकावे आणि मागून म्हणावे, अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले. तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण दगावली. उरलेली दोन भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या उपाधी दिल्या. एवंच, ही सारी विद्या कानांनी मिळविलेली होती.

पुढची काही वर्षे आघातांची होती. १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची आग्रहाची मागणी केली. पुरुष वैद्याला नाडीही न दाखविता मरण पत्करणाऱ्या स्त्रिया त्यांनी गावोगाव पाहिल्या होत्या. मागणी करून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. आपणच डॉक्टर व्हावे, या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या.

आणि नेमका येथेच कानांनी दगा दिला. श्रवणशक्ती खालावत चालल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार त्यांना सोडून द्यावा लागला. त्या काळी या अडचणीवर उपाय नव्हता, हे मान्य केले पाहिजे. रोग्याच्या छातीला नळी लावून हृदयाचे आणि फुप्फुसांचे आवाज ऐकणे हा वैद्यकाचा पाया होऊन बसला होता, आणि विजेवर चालणारे श्रवणयंत्र अजून जन्माला यायचे होते. आज ध्वनी मोठा करणारे, किंबहुना तो पडद्यावर आलेखरूपाने दाखविणारे स्टेथोस्कोप उपलब्ध आहेत, आणि ऐकू न येणाऱ्या व्यक्ती अनेक देशांत डॉक्टर म्हणून काम करीत आहेत. म्हणजे अडसर जेवढा कानांत असतो तेवढाच साधनांतही असतो, आणि साधने बदलता येतात.

रमाबाईंनी दुसरी वाट धरली. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात १८८४ ते १८८६ या काळात त्या इंग्रजी, गणित आणि शास्त्रे शिकल्या व संस्कृत शिकवूही लागल्या. मग १८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या, त्या आपल्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या सभागृहात रमाबाई बसल्या होत्या. जी पदवी मिळविण्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला होता ती दुसरीच्या हाती पडताना त्या पाहत होत्या. त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पनाच करावी. त्यांनी पुढे काय केले ते मात्र नोंदलेले आहे. वर्षभरात आनंदीबाई क्षयाने गेल्या, आणि रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेला आपला ग्रंथ १८८७ साली प्रसिद्ध केला. अमेरिकाभर व्याख्याने देऊन त्यांनी निधी उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे त्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई तथा बाया कर्वे या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत.

पुढे शारदा सदन पुण्यास गेले. तेथे धर्मप्रसाराच्या प्रश्नावरून १८९३ साली मोठे वादळ उठले आणि अनेक हितचिंतक दूर झाले. रमाबाईंनी केडगावची माळरानाची जमीन घेतली व तेथे मुक्तिसदन वसविले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात येऊन अनाथ मुली आणि विधवा यांना शेकडोंनी घेऊन गेल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात पोहोचली. शाळा, विणकाम, शेती, दुग्धालय, छापखाना अशी सर्व कामे स्त्रिया करीत. अंध स्त्रियांसाठीही तेथे वेगळे सदन होते. स्वतः रमाबाई अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात गढल्या होत्या. ज्या बाईने बालपणी केवळ कानांनी विद्या घेतली, तिने उत्तरायुष्यात डोळ्यांनी दोन प्राचीन भाषा आत्मसात केल्या. ज्ञानाची वाट एकच नसते, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

तथापि या चरित्रातून चुकीचा बोध घेण्याचा धोका आहे, आणि प्रस्तुत लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. रमाबाई बहिऱ्या असून एवढे करू शकल्या, मग आजच्या कर्णबधिर मुलाने का करू नये, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे आहे. रमाबाईंचे कान गेले तेव्हा त्यांच्यापाशी संस्कृत, मराठी, बंगाली अशा भाषांचे भांडार भरलेले होते. त्यांची वाणी घडलेली होती. जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलापाशी यातले काहीच नसते. रमाबाईंचे ऐकणे गेले, भाषा राहिली. या मुलाला ऐकणे नाही म्हणून भाषाही मिळत नाही.

बहिरा माणूस मुका का असतो, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की, बहुधा तो मुका नसतोच. त्याचा कंठ, जीभ, ओठ धड असतात. जे शब्द कधी कानांवर पडले नाहीत ते उच्चारावे कसे, हे त्याला कळलेले नसते, इतकेच. मेंदू भाषा सर्वांत सहजपणे ग्रहण करतो तो पहिल्या काही वर्षांत. म्हणून बाळाच्या कानांची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असे तज्ज्ञ सांगतात. बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलू लागला होता, असे म्हणत घरातील वडीलधारी माणसे दोन-तीन वर्षे घालवितात, तेव्हा ती त्या बाळाची सर्वांत मौल्यवान वर्षे घालवीत असतात. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. संशय येताच तेथे जाणे हे आईबापांचे पहिले कर्तव्य होय.

दुसरा प्रश्न असा की, मुलाला खुणांची भाषा शिकवावी की बोलणेच शिकवावे? १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांच्या भाषेला शाळांतून हद्दपार करण्याचा ठराव केला आणि त्याचे दुष्परिणाम जगभरच्या मुलांनी शतकभर भोगले. २०१० साली व्हँकूव्हर येथील परिषदेत त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त करण्यात आला. खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, ती हातवाऱ्यांचा खेळ नव्हे, हे आता सिद्ध झाले आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ पासून स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. यंत्राने ऐकू येत असेल तर बोलणे अवश्य शिकवावे. पण कोणत्याही भाषेविना मूल वाढू देणे हा मोठा अपराध आहे.

वाढत्या वयात येणाऱ्या बहिरेपणाविषयी तर घरोघरी गैरसमज आहेत. आजोबांना सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते, हा टोमणा कोणत्या घरात ऐकू येत नाही? वस्तुतः वयोमानाने उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात आणि स्वर तेवढे उरतात. आवाज कानी पडतो, शब्द लागत नाही. शांत खोलीत ओळखीच्या माणसाचे बोलणे कळते, लग्नघरातल्या गलक्यात कळत नाही. यात लबाडी नाही. ओरडल्यानेही फारसा उपयोग होत नाही, कारण ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच राहतात. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड ठेवून, सावकाश बोलावे हे उत्तम. केवळ ओठांवरून सारे कळेल, असेही नाही. पाळ, बाळ आणि माळ हे तीन शब्द आरशासमोर उभे राहून न आवाज करता उच्चारून पाहावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात.

श्रवणयंत्र चष्म्यासारखे तत्काळ काम देत नाही. ते आवाज वाढविते, गेलेले कान परत आणीत नाही, आणि त्याची सवय होण्यास आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी वैतागून ते कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत. पण चष्मा लावताना न वाटणारी लाज यंत्र लावताना वाटते, हे त्याहून मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे दीड अब्ज लोकांना कमी-अधिक ऐकू येत नाही, आणि त्यांपैकी ४३ कोटींना उपचारांची गरज आहे. एवढ्या मोठ्या समुदायाने लाजावे कशासाठी? शिवाय यातील बराचसा बहिरेपणा टाळता येण्याजोगा आहे. वाहता कान अंगावर न काढणे, कानात काडी किंवा गरम तेल न घालणे, गोवर-रुबेलाची लस वेळेवर टोचून घेणे, आणि मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांपासून व कानांतल्या इअरफोनपासून स्वतःला जपणे, यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही.

उरते ते आपले वागणे. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्यात कर्णबधिरांचे हक्क नोंदले गेले. पण कायदा वर्गात आणि कचेरीत स्वतः चालत येत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा लक्ष देत नाही असे वाटले, तर गुरुजींनी शिक्षा करण्यापूर्वी त्याला एकदा पुढे बसवून पाहावे. काचेच्या खिडकीपलीकडचा म्हातारा तेच तेच विचारतो असे दिसले, तर कारकुनाने कपाळाला आठी न घालता चार शब्द कागदावर लिहून द्यावेत. रमाबाईंना डॉक्टर होता आले नाही, याला त्या काळाचा नाइलाज होता. आज तसा नाइलाज राहिलेला नाही. तरीही एखाद्या मुलीची वाट केवळ तिला ऐकू येत नाही म्हणून बंद झाली, तर तो दोष तिच्या कानांचा म्हणता येणार नाही.