गाईंसाठी शेतावर राहायला गेलेला चित्रकार

स्कॉटलंड बघायला आलेले आईबाबा परत जाताना फ्रीजवर लावायचं एक मॅग्नेट हमखास नेतात. त्यावर डोळ्यांवर झिपऱ्या आलेली तांबूस गाय असते, हायलँड जातीची. या गाईंच्या चित्रांत ज्याने आयुष्य घालवलं त्याचं नाव जोसेफ डेनोव्हन ॲडम.

जन्म १८४१, ग्लासगो. वडील निसर्गचित्रकार, त्यामुळे रंगांची ओळख घरातच झाली. शिक्षण लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये. पुढे स्कॉटलंडला परतून आधी क्रीफ, मग एडिनबरा.

तेव्हा डोंगर, धुकं आणि गुरं अशा चित्रांना भरपूर गिऱ्हाईक होतं. रेल्वे आली होती, व्हिक्टोरिया राणी बाल्मोरलला राहायला जायची, आणि शहरातल्या श्रीमंतांना तोच देखावा दिवाणखान्यात हवा असायचा. गंमत म्हणजे ज्या वाटांनी गुराखी पूर्वी गुरं हाकत फॉलकर्कच्या बाजाराला न्यायचे, त्या वाटा याच रेल्वेमुळे ओस पडत चालल्या होत्या. जुन्या रेखाटनांवरून स्टुडिओत बसून अशी चित्रं काढत राहिलं तरी पोट भरलं असतं. ॲडमने तसं केलं नाही. १८८७ मध्ये तो स्टर्लिंगजवळच्या क्रेगमिलला शेतावर राहायला गेला आणि चक्क हायलँड गाईंचा कळप पाळला!

गाय काही सांगितलं म्हणून एका जागी उभी राहत नाही. मान वळते, शेपटी हलते, तेवढ्यात ऊन सरकतं. शिवाय या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर. वरचे लांब, तेलकट, आतले मऊ. पावसात भिजलेली गाय आणि वाऱ्यात वाळलेली गाय यांचा रंग एक नसतो. हे रोज बघितल्याशिवाय हातात उतरत नाही.

क्रेगमिललाच त्याने प्राण्यांच्या चित्रकलेची शाळा काढली. शिकणाऱ्यांत बायकाही होत्या. मोठ्या कलासंस्थांत जिवंत मॉडेलवरून चित्र काढायला स्त्रियांना सहजी मुभा मिळत नसे, अशा काळात हे मला फार मोलाचं वाटतं.

१८९२ मध्ये तो रॉयल स्कॉटिश अकादमीचा पूर्ण सदस्य झाला आणि चारच वर्षांत, १८९६ मध्ये गेला. नंतर या विषयाच्या इतक्या नकला निघाल्या की समीक्षक हायलँड गाय दिसली की नाक मुरडू लागले. त्यात ॲडमही झाकला गेला, आणि माझ्या मते ते अन्यायाचंच झालं.

त्याचं ‘बाल्मोरल, ऑटम’ ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयाकडे आहे. स्टर्लिंगच्या स्मिथ संग्रहालयातही त्याची चित्रं आहेत. दोन्हीकडे तिकीट लागत नाही.