शिकागोचा सरकारी वकील आणि 1928ची प्रायमरी

आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं. तो मत मागायला कुणाच्या दारात येत नाही, की चौकात त्याचा फलक लागत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मात्र काउंटीचा मुख्य सरकारी वकील लोक निवडून देतात. आमच्या इलिनॉयमध्ये त्याला स्टेट्स अॅटर्नी म्हणतात आणि दर चार वर्षांनी त्याची निवडणूक असते, तीही पक्षाच्या नावावर. गावाकडच्या नातेवाइकांना हे सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो. हा माणूस मग पक्षाचं ऐकणार की कायद्याचं? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मला सापडलं ते शिकागोच्याच एका जुन्या स्टेट्स अॅटर्नीच्या आयुष्यात. त्यांचं नाव रॉबर्ट क्रो.

क्रो यांचा जन्म 1879चा, इलिनॉयमधल्याच पिओरिया गावचा. येल विद्यापीठातून ते वकील झाले, शिकागोत न्यायाधीश झाले आणि 1920 साली रिपब्लिकन पक्षातर्फे कुक काउंटीचे स्टेट्स अॅटर्नी म्हणून निवडून आले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला देशभर दारूबंदी लागू झाली होती. दारू बंद झाली म्हणजे काय, तर ती चोरून विकणाऱ्यांचं राज्य सुरू झालं. सांगायला नकोच, अल कपोन याच शहरात मोठा झाला.

जगाला क्रो ठाऊक झाले ते 1924च्या लिओपोल्ड-लोब खटल्यामुळे. दोन गर्भश्रीमंत घरांतल्या, विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी चौदा वर्षांच्या बॉबी फ्रँक्सचा खून केला. कारण काय, तर आपण पकडले जाणार नाही हे सिद्ध करायचं होतं! प्रेताजवळ एक चष्मा सापडला. त्याची बिजागरी इतकी वेगळी होती की शहरात तसे तीनच चष्मे विकले गेले होते. क्रो यांनी त्या धाग्यावरून दोघांना गाठलं आणि त्यांच्याकडून कबुली मिळवली. कोर्टात समोर उभे होते क्लॅरेन्स डॅरो, त्या काळातले सगळ्यात नावाजलेले बचावाचे वकील. क्रो यांनी फाशी मागितली. न्यायाधीशांनी आरोपींचं कोवळं वय पाहून जन्मठेप दिली. फाशी झाली नाही, पण क्रो यांचं नाव घरोघरी पोचलं आणि त्याच नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. ज्या इमारतीत हा खटला चालला ती शिकागोच्या हबर्ड स्ट्रीटवर अजून उभी आहे. आता तिथे ऑफिसं आहेत. पाहुणे आले की मी त्यांना बाहेरून ती दाखवतो.

इथवर गोष्ट एका कर्तबगार वकिलाची आहे. पण क्रो नुसते वकील नव्हते, रिपब्लिकन पक्षातल्या एका गटाचे पुढारीही होते. आधी त्यांनी महापौर विल्यम थॉम्पसन यांच्याशी वैर घेतलं होतं. शाळा मंडळातल्या भ्रष्टाचाराची त्यांनी चौकशी लावली आणि 1923 साली थॉम्पसन निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. पुढे वारं फिरलं तसे हेच दोघे एकत्र आले, आणि 1927 साली थॉम्पसन पुन्हा महापौर झाले, तेव्हा क्रो त्यांच्या बाजूने होते. आपल्याला महाराष्ट्रातलं राजकारण पाहून याचं नवल वाटायला नको.

त्याआधीच, 27 एप्रिल 1926च्या संध्याकाळी, शिकागोला लागून असलेल्या सिसरो गावात एका दारूच्या अड्ड्यासमोर मशिनगनने तीन माणसं मारली गेली. दोघे चोरटी दारू विकणाऱ्या टोळीतले होते. तिसरा विल्यम मॅकस्विगिन, क्रो यांच्याच कचेरीतला अवघ्या सव्वीस वर्षांचा सहायक सरकारी वकील. सरकारचा वकील गुंडांबरोबर गाडीतून फिरत का होता? त्यातल्या एकावर तर त्याने पूर्वी खुनाचा खटला चालवला होता, आणि तो सुटला होता. सगळं शहर हेच विचारू लागलं.

क्रो यांनी कपोनकडे बोट दाखवलं आणि सिसरोतल्या अड्ड्यांवर धाडी घातल्या. एकामागून एक ग्रँड ज्युरी बसल्या. कपोन तीन महिने गायब राहिला, मग जुलैत आपणहून हजर झाला आणि पुराव्याअभावी सुटला. मॅकस्विगिनचे वडील शिकागो पोलिसांत सार्जंट होते. मुलाच्या मारेकऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. ज्या कचेरीने हा खून उलगडायचा, तिच्याबद्दलच लोकांना संशय येऊ लागला होता.

1928 साली क्रो तिसऱ्यांदा उभे राहिले. खरी लढत नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीच होती, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या एप्रिलमधल्या प्रायमरीत. सिनेटर चार्ल्स डनीन यांच्या गटाने क्रो यांच्याविरुद्ध न्यायाधीश जॉन स्वान्सन यांना उभं केलं. 26 मार्चच्या रात्री डनीन आणि स्वान्सन या दोघांच्याही घरांवर बॉम्ब पडले. स्वान्सन थोडक्यात बचावले.

अशा वेळी सरकारी वकिलाने काय करायचं असतं? बॉम्ब टाकणाऱ्याला शोधायचं. क्रो यांनी उलट असं सुचवलं की सहानुभूती मिळवण्यासाठी विरोधकांनी स्वतःच आपल्या घरांवर बॉम्ब टाकून घेतले असावेत. थॉम्पसन यांच्या गटानेही तोच सूर लावला. पक्ष उभा दुभंगला. लोकांनी या निवडणुकीचं नाव ठेवलं पाइनॅपल प्रायमरी, कारण तिथल्या बोलीत हातबॉम्बला अननस म्हणत. मतदानाच्या दिवशी, 10 एप्रिलला, ऑक्टेव्हियस ग्रॅनेडी या कृष्णवर्णीय वकिलाचा गाडीतून पाठलाग करून खून झाला. गटाने ठरवलेल्या माणसाविरुद्ध वॉर्डातली पक्षाची जागा लढवायचं धाडस त्यांनी केलं होतं. पुढे खटला झाला, पण त्यातही शिक्षा कुणाला झाली नाही.

एवढी दहशत असताना लोक घरी बसतील असा पुढाऱ्यांचा हिशेब होता. तो चुकला. लोक घराबाहेर पडले आणि स्वान्सन सुमारे दोन लाख मतांनी जिंकले. क्रो यांच्या बाजूचे गव्हर्नर लेन स्मॉल हेही त्याच दिवशी पडले.

यात माझ्या मनात राहिली ती एक गोष्ट. क्रो यांना ना कोर्टाने हटवलं, ना त्यांच्या गटाने. त्यांचा गट शेवटपर्यंत त्यांच्या पाठीशी उभा होता. त्यांना घरी पाठवलं ते त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी. मात्र पक्षाची पत सावरली नाही. 1931 साली थॉम्पसन हरले आणि तेव्हापासून आजतागायत शिकागोत रिपब्लिकन महापौर झालेला नाही. 1932 साली स्टेट्स अॅटर्नीचं पदही डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं. क्रो पुढे पुन्हा न्यायाधीश झाले आणि 1958 साली वारले. मॅकस्विगिनला कुणी मारलं, हे कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. इथे नागरिकत्व घेतलेली आपली मंडळी राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीला हौसेने जातात. मतपत्रिका मात्र लांबलचक असते. वरची दोन-चार नावं झाली की खालची तशीच सोडून देणारे बरेच जण मला भेटतात. प्रायमरीला तर आपल्यातले फारच थोडे जातात. इलिनॉयमध्ये ती मार्चमध्ये असते. थंडी असते, ऑफिस असतं, मुलांचे क्लास असतात, सगळं खरं. पण उद्या आपल्या दुकानात चोरी झाली किंवा आपल्या मुलावर खोटा आळ आला, तर खटला भरायचा की नाही हे राष्ट्राध्यक्ष ठरवत नाहीत. ते ठरवतो खालच्या ओळीतला तो माणूस.

म्हणून नातेवाइकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं असतं. लोक घरी बसले तर तो पक्षाचं ऐकेल. 1928च्या एप्रिलमध्ये शिकागोचे लोक बॉम्बच्या भीतीनेही घरी बसले नाहीत. आपल्याला तर फक्त कोट चढवून बाहेर पडायचं असतं.