हात आवरणारा सम्राट

इ. स. पू. २२१ मध्ये चिन घराण्याच्या सम्राटाने सारा चीन देश एका छत्राखाली आणला. पण त्याचे राज्य प्रजेला फार जाचक झाले. तटबंद्या, रस्ते व राजवाडे बांधण्यासाठी असंख्य लोक वेठीस धरले गेले आणि लहानसहान अपराधांसही कठोर शिक्षा होऊ लागल्या. अखेर जिकडे तिकडे बंडे उसळली व अवघ्या पंधरा वर्षांत ते बलाढ्य राज्य धुळीस मिळाले. त्यानंतर हान घराणे उदयास आले. या घराण्याच्या संस्थापकाचा एक मुलगा लिऊ हंग हा पुढे सम्राट वेन या नावाने प्रसिद्धीस आला.

लहानपणीच त्याच्याकडे उत्तरेकडील दाइ प्रांताचे राज्य आले. त्यामुळे राजधानीतील कारस्थानांपासून तो दूरच राहिला. इ. स. पू. १८० मध्ये राजमाता ल्यू मरण पावली. तिच्या माहेरच्या सत्तालोभी मंडळींचा मंत्र्यांनी बीमोड केला आणि वेनला सिंहासनावर बसण्याची विनंती केली. त्याने घाई केली नाही. प्रथम मामाला पुढे पाठवून त्याने खरी परिस्थिती जाणून घेतली व मगच राज्य स्वीकारले.

त्या काळी हान दरबारात लाओ-त्से या प्राचीन तत्त्वज्ञाच्या विचारांना मोठा मान होता. त्यांतील एक विचार वू-वेइ या नावाने ओळखला जातो. वू-वेइ म्हणजे आळस नव्हे. कुशल नावाडी प्रवाहाशी झगडत बसत नाही. पाण्याचा कल ओळखून तो जरूर तेवढेच वल्हे मारतो. त्याचप्रमाणे राजानेही प्रजेच्या जीवनात उगाच ढवळाढवळ करू नये, असा त्या विचाराचा आशय आहे. वेनच्या कारभारावर याच विचाराची छाप दिसते.

दक्षिणेकडील नान-युए देशाचा राजा चाओ तुओ स्वतःला सम्राट म्हणवू लागला होता. पूर्वी त्याच्यावर पाठवलेले सैन्य उष्ण, दमट हवेत रोगराईने गांजून गेले होते. वेनने नवी फौज पाठवली नाही. चाओ तुओच्या पूर्वजांच्या थडग्यांची त्याने निगा राखली, त्याच्या भावांना मानाच्या जागा दिल्या आणि एका वृद्ध मुत्सद्द्याच्या हाती स्नेहाचे पत्र धाडले. चाओ तुओने हान दरबाराशी व्यवहार करताना सम्राटपद सोडून दिले.

उत्तरेकडून श्युंग-नू टोळ्या स्वाऱ्या करीत, तेव्हा वेन सीमेचे रक्षण करी. परंतु त्यांच्या मुलखात खोलवर सैन्य घुसवून त्याने प्रजेचे हाल केले नाहीत.

इ. स. पू. १६७ मध्ये छुनयू यी नावाच्या वैद्याला अवयव तोडण्याची शिक्षा व्हावयाची होती. त्याला पाच मुली होत्या, मुलगा नव्हता. धाकटी मुलगी तिइंग पित्यामागोमाग चांगआन या राजधानीत गेली. तोडलेला अवयव पुन्हा जुळत नाही, मग अपराध्याला सुधारण्याची वाट तरी कशी उरणार, असे तिने सम्राटाला अर्जात विचारले. पित्याच्या बदल्यात सरकारची दासी होण्याची तयारीही तिने दाखवली. वेनचे मन द्रवले आणि त्याने अशा शिक्षा बंद केल्या. त्यांच्याऐवजी ठरवलेल्या फटक्यांनीही पुढे अनेक जण दगावले. म्हणून त्याच्या मुलाला फटक्यांची संख्या कमी करावी लागली. तरीही एका मुलीचे म्हणणे ऐकून सम्राटाने कायदा बदलला, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच वर्षी त्याने शेतसारा माफ केला. स्वतः मात्र तो साधेपणाने राहिला. एकदा त्याच्या मनात एक उंच गच्ची बांधावयाची होती. कारागिरांनी खर्च सांगितला, तो दहा मध्यम कुटुंबांच्या मालमत्तेएवढा भरला. वेनने तो बेत तेथेच सोडून दिला. तेवीस वर्षांच्या कारकिर्दीत त्याने राजवाड्यांत वा उद्यानांत भर घातली नाही. शेतकरी निवांतपणे शेती करू लागले आणि त्याच्या नातवाच्या काळापर्यंत सरकारी कोठारे धान्याने ओसंडू लागली.

इ. स. पू. १५७ मध्ये वेन निवर्तला. आपल्यासाठी प्रजेने तीन दिवसांहून अधिक सुतक पाळू नये, थडग्यासाठी तेथील डोंगर व नद्या यांचे रूप बदलू नये, असे त्याने सांगून ठेवले होते. त्याच्या थडग्यावर मातीचा ढीग रचला गेला नाही. त्यामुळे त्याची नेमकी जागा शेकडो वर्षे भलतीकडेच समजली जात होती. शिआन शहराजवळ उत्खनन करून चिनी संशोधकांनी २०२१ साली ती निश्चित केली. ज्या सम्राटाला काहीही बांधता आले असते, त्याच्या थडग्यावर साधी टेकडीसुद्धा नव्हती.