हिमपथिक नान्सेन

मी पैठण तालुक्यातला. आजवर मी पाहिलेला बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. अशा मुलाने उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या माणसाचे चरित्र सांगायला बसावे, याचे तुम्हांला हसू येईल. पण पावसाळ्यात काळ्या रानातून जो चालला आहे त्याला नान्सेन समजायला वेळ लागत नाही, असे माझे मत झाले आहे. त्या चिखलात पाऊल जोराने रोवावे तर रान चपलेसकट पाय धरून ठेवते आणि सैल टाकावे तर माणूस आडवा होतो. माझे वडील बैलांना पत्र्या मारून घेतात, डांबरी सडकेवर खूर घसरू नयेत म्हणून. आणि गाडीच्या आसाला वंगण घालतात, चाक सहज फिरावे म्हणून. एकाच गाडीला एकीकडे पकड हवी आणि दुसरीकडे सुटेपणा हवा, याचे लहानपणी मला नवल वाटे.

नान्सेनचे नाव मी प्रथम वाचले ते राष्ट्रसंघाच्या प्रकरणात, निर्वासितांच्या कामासंबंधी. फक्त एक ओळ होती. त्या दिवसांत माझे मन ठिकाणावर नव्हते. पहिल्या वर्षी मी इंग्रजीच्या पेपरात नापास झालो होतो आणि ट्रंक भरून गावी जावे असे रोज वाटत होते. आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. त्यामुळे नापास होणे म्हणजे काय, हे घरी कसे सांगावे तेही कळत नव्हते. ग्रंथालयात नुसता वेळ काढायचा म्हणून त्या एका ओळीच्या मागे लागलो आणि हा माणूस भेटला.

फ्रिट्यॉफ नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ झाला. ओस्लोला तेव्हा क्रिस्तियानिया म्हणत. तिकडे हिवाळ्यात वाटा बर्फाखाली जातात आणि लोक पायांना लांब, अरुंद लाकडी फळ्या बांधून फिरतात. त्या फळ्यांना स्की म्हणतात. नान्सेन अगदी लहान वयात त्यावर उभा राहिला. पुढे तो प्राणिशास्त्र शिकला, १८८२ मध्ये सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून आर्क्टिक समुद्रात जाऊन आला, आणि त्याच वर्षी बर्गेन येथील संग्रहालयात नोकरीला लागला. १८८४ च्या हिवाळ्यात स्कीच्या स्पर्धेसाठी तो डोंगर ओलांडून राजधानीला गेला आणि तसाच स्कीवरून परतला.

येथे थोडे थांबून स्कीचे मर्म सांगितले पाहिजे, कारण नान्सेनच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला त्यातच सापडली. उतारावर स्की आपोआप सरकते. खरा प्रश्न सपाटीचा आणि चढाचा. एका पायाने रेटा द्यायचा आणि दुसऱ्यावर सरकत जायचे. पण ज्या पायाने रेटा द्यायचा तोच मागे घसरला तर माणूस जागचा हलत नाही. म्हणजे तीच फळी क्षणभर बर्फाला घट्ट धरणारी हवी आणि पुढच्याच क्षणी लोण्यासारखी सरकणारी हवी. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या लोकांनी यावर एक साधी युक्ती काढली होती. ते डाव्या पायाला लांब गुळगुळीत फळी बांधत, ती सरकण्यासाठी. आणि उजव्याला आखूड, खालून केसाळ कातडे लावलेली, ती रेटा देण्यासाठी. कातड्याचे केस मागच्या दिशेला वळलेले असत. पुढे जाताना ते दबून सपाट होत, मागे घसरू लागले की उभे राहून बर्फ धरत. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहावा, म्हणजे हे लगेच समजते.

आज काही स्कीच्या तळाला मधल्या भागात माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते, किंवा तेथे कातड्याची पट्टी बसवलेली असते. त्यामुळे पकडीसाठी दर वेळी मेण लावावे लागत नाही. फळीचा मधला भाग किंचित कमानदार असतो. वजन दोन्ही पायांवर असते तेव्हा हा भाग बर्फाला फारसा दाबला जात नाही आणि टोके सरकतात. सगळे वजन एका पायावर टाकले की कमान दबते आणि खवले बर्फात रुततात. म्हणून तळ स्वच्छ ठेवणे, टोकांना सरकण्याचे मेण लावणे हे तर हवेच. पण ज्या पायाने रेटा द्यायचा त्याच्यावर पूर्ण भार टाकता आला पाहिजे. अर्धवट भार टाकणारा हमखास घसरतो.

नान्सेनने १८८८ मध्ये ग्रीनलंड आडवे ओलांडण्याचा बेत जाहीर केला तेव्हा पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले. नॉर्वेच्या सरकारकडून पैसा मिळाला नाही. डेन्मार्कमधल्या गामेल नावाच्या एका व्यापाऱ्याने तो दिला. आधीचे प्रवासी वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत जात आणि संकट आले की परत फिरत. नान्सेनने ओसाड पूर्व किनाऱ्यावरून निघायचे ठरवले. तेथून परतण्यासारखे काही नव्हतेच. जगायचे तर पलीकडे पोचायचे. हे वाचले तेव्हा माझे रक्त सळसळले. आपणही मागचे दोर कापून टाकावेत, असे वाटले.

पण पुढे वाचताना त्याची तयारी दिसू लागली. त्याने रुंद धावांच्या हलक्या घसरगाड्या मुद्दाम करवून घेतल्या. ओकच्या दोन आणि बर्च, म्हणजे भूर्जाच्या, सात जोड्या स्की घेतल्या. बर्चच्या स्कीला खालून पातळ पोलादी पत्रा होता, ओलसर बर्फावर सरकायला. आणि पाऊल येते तेथे एल्क नावाच्या मोठ्या सांबरासारख्या प्राण्याचे केसाळ कातडे, धरायला. म्हणजे आमची पत्री आणि आमचे वंगण एकाच फळीत!

ही सहा जणांची तुकडी होती. बाल्टो आणि राव्ना हे त्यांतले दोघे उत्तरेकडच्या सामी जमातीचे. १७ जुलैला ते जहाजातून उतरले आणि तरंगत्या हिमखंडांत अडकून कित्येक दिवस दक्षिणेकडे वाहत गेले. शेवटी किनारा गाठून, होड्या वल्हवीत पुन्हा उत्तरेकडे येऊन, १५ ऑगस्टला त्यांनी चढायला सुरुवात केली. ५ सप्टेंबरला ते २,७१९ मीटर उंचीवर होते. थंडी शून्याखाली ४५ अंशांपर्यंत गेली. एवढ्या थंडीत कोरडा बर्फ वाळूसारखा होतो आणि त्यावर काहीच नीट सरकत नाही. आमच्या नदीच्या वाळूत भरलेली बैलगाडी घातल्यासारखे. वारा अनुकूल झाला तेव्हा त्यांनी घसरगाड्या जोडून त्यांवर शिडे उभारली. ३ ऑक्टोबरला नान्सेन आणि स्वेरद्रुप पश्चिमेकडच्या गोटहोब येथे पोचले. वर्षातले शेवटचे जहाज मात्र निघून गेले होते. तो हिवाळा त्यांनी तेथेच काढला आणि नान्सेन तेथील इन्युइट लोकांकडून कयाक चालवायला शिकला. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने शिकारी लोकांपुढे विद्यार्थी होऊन बसावे, हे मला त्याच्या धाडसाहून मोठे वाटते.

पुढे त्याने फ्राम नावाचे जहाज बांधवून घेतले. त्याचा तळ अर्ध्या नारळासारखा गोल होता. बर्फ दोन्ही बाजूंनी आवळू लागला की जहाज चिरडण्याऐवजी निसटून वर उचलले जाई. येथे त्याने बर्फाला पकडच मिळू दिली नाही! १८९३ मध्ये हे जहाज निघाले आणि बर्फात गोठून प्रवाहाबरोबर वाहत राहिले. १८९५ च्या मार्चमध्ये नान्सेन आणि योहानसेन जहाज सोडून ध्रुवाकडे निघाले. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणी गेले नव्हते. पुढचा बर्फ उंचवट्यांनी भरलेला होता, अन्न मोजके होते. ८ एप्रिलला नान्सेन परत फिरला.

मित्रहो, या ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. मागचे दोर कापणारा हाच माणूस, आणि ध्रुव पुढे असताना त्याने पाय मागे घेतला. ते दोघे एक पूर्ण हिवाळा दगड आणि वॉलरसच्या कातड्याच्या झोपडीत काढून १८९६ मध्ये जिवंत घरी आले. चढावर गाडी थांबली की माझे वडील चाकामागे दगड लावतात, बैलांना दम खाऊ देतात आणि मग पुन्हा हाकतात. दगड लावणे म्हणजे हरणे, असे त्यांना कधी वाटलेले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर नान्सेनच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. १९२० पासून राष्ट्रसंघाच्या वतीने त्याने चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना घरी पोचवले. १९२१ मध्ये रशियात भीषण दुष्काळ पडला. नान्सेनने मदतीसाठी राष्ट्रसंघापुढे हात पसरले, पण सरकारांनी पैसा नाकारला. तेव्हा त्याने ठिकठिकाणी भाषणे देत लोकांकडून मदत गोळा केली. माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे. तिथे मिळालेल्या सुकडीची चव ती अजून सांगते. उपाशी माणसाच्या हातावर कोणीतरी काहीतरी ठेवले, ही गोष्ट पन्नास वर्षांनीही विसरली जात नाही.

आणि मग ते निर्वासित. क्रांतीनंतर देश सुटलेल्या लाखो रशियनांना कोणतेच सरकार आपले म्हणत नव्हते. कागद नाही म्हणून सीमा ओलांडता येत नाही, आणि मुक्काम करायलाही आधार नाही. १९२२ मध्ये नान्सेनच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी एक ओळखपत्र निघाले. ते नान्सेन पासपोर्ट म्हणून प्रसिद्ध झाले आणि पन्नासहून अधिक सरकारांनी ते मानले. चित्रकार शागाल आणि संगीतकार स्ट्राव्हिन्स्की यांच्याकडेही ते होते. त्याच वर्षी नान्सेनला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्याने मदतकार्यालाच दिली. त्याचे सगळेच निर्णय निर्दोष होते असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदलीला त्याने हातभार लावला आणि त्यात लाखो लोकांना सक्तीने घरे सोडावी लागली. १३ मे १९३० रोजी तो ओस्लोजवळच्या आपल्या घरी वारला.

मला वाटते, त्या पासपोर्टात आणि एल्कच्या कातड्यात फार अंतर नाही. ज्यांच्या पायांखालची जमीन निसटली होती त्यांना नान्सेनने पाय रोवायला तेवढी जागा दिली, म्हणजे ते पुढे सरकू शकतील. जो तरुणपणी बर्फावर हे शिकला, त्याला ते माणसांच्या बाबतीत लवकर उमगले असावे.

इंग्रजीचा तो पेपर मी पुन्हा दिला. त्याआधी एकदा घरी जाऊन नापास झाल्याचे वडिलांना सांगितले. ते काही बोलले नाहीत; दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपून मला फाट्यापर्यंत सोडायला आले. पेपर सुटला. गाव सोडल्याशिवाय शिकता येत नाही, हे खरेच. पण शिकायला रेटा जिथून मिळतो ते आमचे काळे रान आहे, आणि त्यावर पूर्ण भार टाकायला आता मला संकोच वाटत नाही.

या हिमपथिकाच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.

— बी. ए. द्वितीय वर्ष